करडाचा घरचा खुराक : स्वस्त काय, महाग काय

चूल आवरून रेडिओजवळ बसलेल्या ताई, मावशी, आणि गटाच्या बैठकीत एकत्र बसून ऐकणाऱ्या सगळ्या बायांनो, आज आपण करडांच्या खुराकाबद्दल बोलू.

दिवाळी होऊन गेली. सोयाबीन घरात आलं, भुईमूग निघाला, तूर शेंगांनी भरलीय. आपल्या सोलापूर, धाराशिव, लातूरकडच्या पुष्कळ दावणींना या दिवसांत शेळ्या व्यालेल्या आहेत. आपली उस्मानाबादी शेळी जुळी करडं देते, कधी तिळीही. करडं झाली की घरात आनंद असतो. पण खरा हिशेब तीन महिन्यांनी कळतो. किती झाली यापेक्षा किती जगली आणि किती वजनाची झाली, यावर आपल्या हातात पैसा येतो. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या नावावर शेत नाही, घर नाही. शेळी मात्र आपली असते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

गटाच्या बैठकीत एक प्रश्न नेहमी येतो. "पेंड परवडत नाही, गोळी खुराक परवडत नाही, मग करडांना स्वस्तात काय घालायचं?" प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या शिवारात आहे. तुरीची चुनी आहे, हरभऱ्याचं कुट्टार आहे, शेवग्याचा पाला आहे, बाभळीच्या शेंगा आहेत. पण एक गोष्ट आधी पक्की करा. शेळीला जे चालतं ते करडाला चालेलच असं नाही. स्वस्त वस्तू चुकीच्या वयात घातली तर करडू जातं, आणि मेलेल्या करडाइतका महाग खुराक दुसरा नाही.

असं का, ते सांगते. शेळीच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे कोटीपोट. ते एका हौदासारखं असतं. त्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जिवाणू असतात. पाला, कुट्टार, कडबा हे सगळं ते आंबवतात आणि त्यातून शेळीला ताकद मिळते. नुकत्याच जन्मलेल्या करडाचं कोटीपोट मात्र लहान असतं, आणि काम करत नसतं. ते जे दूध पितं ते कोटीपोटाला वळसा घालून सरळ चौथ्या कप्प्यात जातं. म्हणजे त्या वयात करडू आपल्यासारखं एकाच पोटाचं असतं. दोन-तीन आठवड्यांचं झालं की ते पाला हुंगतं, एखादं पान चघळतं, आईच्या गव्हाणीत तोंड घालतं. विरजण पडल्याशिवाय दुधाचं दही होत नाही, तसंच हे आहे. थोडा पाला, थोडा भरडा पोटात गेला की आतले जिवाणू वाढतात, अस्तर वाढतं, पोट रुंदावतं. दोन महिन्यांच्या आसपास कोटीपोट बऱ्यापैकी कामाला लागतं.

एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे. पहिले पंधरा दिवस दूध. पंधरा दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत दूध, सोबत चांगला भरडा आणि कोवळा पाला. तीन महिन्यांनंतर शेंगा, कुट्टार आणि बाकीचा स्वस्त माल.

आता दुधापासून सुरुवात करू. चीक लवकरात लवकर, पहिल्या तासाभरातच करडाच्या पोटात गेला पाहिजे. वार पडायची वाट बघू नका. 2 किलोच्या करडाला पहिल्या चोवीस तासांत साधारण 200 मिली चीक लागतो. तो तीन-चार वेळा विभागून गेला पाहिजे. रोगाशी झुंजायची ताकद करडाला या चिकातूनच मिळते, आणि एक दिवस उलटला की ती ताकद शोषून घ्यायची आतड्याची क्षमता संपत जाते. जुळ्यांत एक करडू नेहमी दांडगं असतं, ते दोन्ही सडांवर ताबा मिळवतं. अशक्त करडाला हातात धरून पाजा. उभंच राहता येत नसेल तर चीक पिळून स्वच्छ बाटलीने थोडा थोडा द्या.

पुढचा महिनाभर करडाला रोज आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं दूध हवं. 4 किलोच्या करडाला 400 मिली. जुळी असतील तर 800 मिली. आता घरात चहासाठी अर्धा लिटर काढून घेतलं, तर उरलं किती ते तुम्हीच बघा. मी चहाच्या विरोधात नाही. पण जुळी करडं पोटाशी असताना शेळीचं दूध काढणं म्हणजे करडांचं वजन काढून घेणं. पहिले दोन महिने तरी दूध करडांचंच, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. सासूबाईंनाही, आणि घरधन्यालाही. आणि शेळीला दूध यायला हवं असेल तर व्यालेल्या शेळीचं पोट आधी भरा. स्वस्त चारा घालायचाच, तर पहिला मान तिचा. तिचं कोटीपोट तयार आहे. तुरीचं कुट्टार, भुईमुगाचा पाला, शेवरी, हे सगळं ती पचवते आणि करडासाठी त्याचं दूध करते.

आता पंधरा दिवसांनंतरचं बघू. गोठ्याच्या कोपऱ्यात करडांसाठी एक कप्पा करा. बांबू, तुराट्या, जुनं लाकूड, जे असेल ते वापरा. त्याला एवढीच फट ठेवा की करडू आत जाईल आणि शेळी जाणार नाही. खुराक या कप्प्यात ठेवायचा. नाहीतर खुराक करडांसाठी केला आणि शेळीने संपवला, असं होतं. कोवळ्या पाल्याची जुडी दोरीने टांगा, करडाच्या तोंडाच्या उंचीला. जमिनीवर टाकलेल्या पाल्यावर लेंड्या-मूत पडतं, त्यातून जंत आणि रक्ती हगवण येते. टांगलेला पाला करडं आवडीने ओढून खातात. स्वच्छ पाणी दिवसभर समोर हवं. पाणी नसेल तर करडू भरडाही खात नाही.

आता लहान करडांच्या खुराकाचं प्रमाण सांगते. कागद-पेन्सिल घ्या. 10 किलो मिश्रणासाठी मका किंवा ज्वारीचा भरडा 4 किलो, शेंगदाणा पेंड अडीच किलो, तुरीची किंवा हरभऱ्याची चुनी 2 किलो, गव्हाचा कोंडा 1 किलो 200 ग्रॅम, खनिज मिश्रण 200 ग्रॅम आणि मीठ 100 ग्रॅम. परत सांगते. भरडा 4, पेंड अडीच, चुनी 2, कोंडा 1 किलो 200 ग्रॅम, खनिज मिश्रण 200 ग्रॅम, मीठ 100 ग्रॅम.

यात मका किंवा ज्वारी ताकद देते, पेंड आणि चुनी अंग भरतात. विकायला न्यायच्या लायकीची नसलेली, फुटकी, बारीक ज्वारी यात चालते. काळी पडलेली, बुरशी धरलेली मात्र चालत नाही. चुनी म्हणजे डाळ करताना निघणारा चुरा. डाळ मिलमधून गटाने मिळून एक-दोन पोती आणली तर दुकानापेक्षा स्वस्त पडते. पेंड तेलघाण्यावरून ताजी आणा. खनिज मिश्रण महाग वाटतं म्हणून पुष्कळ जणी ते वगळतात. तसं करू नका. ते अगदी थोडं लागतं, आणि हाडं भरायला ते हवंच.

सुरुवातीला करडू चिमूटभरच खातं. महिन्याचं झालं की रोज 50 ग्रॅमच्या आसपास खाऊ लागतं. दोन महिन्यांचं 100 ग्रॅम, तीन महिन्यांचं दीडशे ते दोनशे ग्रॅम. घरातली एक वाटी किराणा दुकानात नेऊन एकदा मोजून आणा आणि तीच वाटी कायम वापरा. संध्याकाळी उरलेला खुराक शेळीला घाला. दुसऱ्या दिवशी करडांना ताजा.

खर्चाचं गणित घालू. पंधरा दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत म्हणजे 75 दिवस. सरासरी रोज 100 ग्रॅम धरलं तर एका करडाला साडेसात किलो मिश्रण लागतं. समजा ते किलोला 35 रुपयांना पडलं, तर एका करडाचा खर्च झाला साधारण 262 रुपये. आणि समजा तुमच्या बाजारात जिवंत वजनाचा भाव किलोला 350 रुपये आहे. मग करडू फक्त पाऊण किलो जास्त वाढलं तरी खर्च निघाला. त्यापुढची वाढ तुमची. तुमच्याकडचे भाव वेगळे असतील, तर ते घालून हेच गणित गटात करून बघा.

पाला कोणता? शेवगा, शेवरी, हादगा, तुती, बोर, उंबर. कोवळा तोडून दोन-तीन तास सावलीत सुकवून टांगा. सकाळी दवात भिजलेला पाला लगेच घालू नका, पोट फुगतं. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून चुरून डब्यात भरून ठेवला तर उन्हाळ्यात कामाला येतो. सुबाभळीत प्रथिनं भरपूर आहेत, पण त्यात एक विषारी घटकही आहे. जास्त झाला तर केस गळतात, वाढ खुंटते. म्हणून तीन महिन्यांखालच्या करडांना सुबाभूळ नको. मोठ्यांनाही एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर नको.

आता अझोला. "अझोला केला तर पेंड लागत नाही का?" असं बऱ्याच जणी विचारतात. अझोला चांगला आहे. पण त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. 1 किलो ओल्या अझोल्यातून 100 ग्रॅमसुद्धा सुका माल निघत नाही. करडाचं पोट लहान, ते पाण्याने भरलं तर भरड्याला जागा उरत नाही. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथे अझोल्याचा हौद भरायचा कुठून? पाणी मुबलक असेल तर करा, धुऊन मोठ्या शेळ्यांना द्या. करडाच्या खुराकाला तो पर्याय नाही.

तीन महिने झाले, दूध हळूहळू तुटलं, की आपल्या शिवारातल्या फुकटच्या मालाचे दिवस येतात. उन्हाच्या दिवसांत बाभळीखाली शेंगांचा सडा पडतो. पिकून, वाळून खाली पडलेल्या शेंगाच गोळा करा. वेड्या बाभळीच्या शेंगा गोड असतात, जनावरं आवडीने खातात. पण त्यांचं बी इतकं टणक की तसंच लेंडीतून बाहेर पडतं आणि शेतात पुन्हा वेडी बाभूळ उगवते. त्यामुळे शेंग दळून किंवा कुटूनच घाला. शेंग चिकट असते, म्हणून कडक उन्हात वाळवा. मोडताना कट्‌ आवाज आला की कुटायला तयार. साध्या बाभळीच्या शेंगेत तुरटपणा असतो, जास्त झाला तर पचन बसतं. म्हणून प्रमाण सांभाळा.

तीन महिन्यांवरच्या करडांसाठी 10 किलोचं प्रमाण असं. भरडा 3 किलो, शेंगदाणा पेंड दीड किलो, चुनी 2 किलो 200 ग्रॅम, कोंडा 1 किलो, बाभळीच्या शेंगांचा भरडा 2 किलो, खनिज मिश्रण 200 ग्रॅम, मीठ 100 ग्रॅम. म्हणजे सगळ्यात महाग असलेली पेंड एक किलोने कमी झाली, आणि तिच्यासोबत मकाही. शेंगा यापेक्षा जास्त वाढवू नका. सोबत तुरीचं, हरभऱ्याचं, सोयाबीनचं कुट्टार पोटभर. द्विदल पिकाचं कुट्टार ज्वारीच्या कडब्यापेक्षा सरस असतं. महिनाभरात तूर निघेल. मळणी झाली की कुट्टार बांधावर पेटवू नका, शेजाऱ्याचंही पेटवू देऊ नका. मागून आणा. पावसात भिजणार नाही अशा जागी, खाली लाकडं टाकून रचून ठेवा.

आता काय घालायचं नाही ते ऐका. यातलं एक जरी विसरलं तरी करडू दगावू शकतं.

सरकी पेंड करडांना नको. तिच्यातला विषारी घटक मोठं जनावर कोटीपोटात पचवतं, करडाला ते जमत नाही. युरिया प्रक्रिया केलेलं भुसकट किंवा युरियाची चाटण वीट करडांच्या तोंडाजवळही नको. लग्नाकार्यातला उरलेला भात, बुंदी, शिळ्या भाकरींचा ढीग नको. भात किंवा पीठ एकदम पोटात गेलं की कोटीपोटात आंबट होतं, करडू सुस्तावतं, पातळ हगतं, आणि रात्रीतून जातं. घरोघरी घडणारी ही गोष्ट आहे, आणि लोक म्हणतात की नजर लागली. नजर नाही, भात लागला. बुरशी लागलेली पेंड, काळा पडलेला मका नको. उन्हात वाळवल्याने बुरशीचं विष जात नाही. ज्वारीचे कोवळे फुटवे नको, त्याने किराळ लागते. कण्हेर आणि घाणेरीपासून लांब ठेवा.

आणि बदल एकदम करू नका. नवा खुराक सुरू करताना आठ-दहा दिवस घ्या. आज मूठभर, दोन दिवसांनी दोन मुठी. पोटातल्या जिवाणूंना नव्या खाण्याची सवय व्हायला वेळ लागतो. जंत असतील तर खाऊ घातलेलं सगळं जंतांच्या पोटात जातं, म्हणून जंताचं औषध आणि आंत्रविषार, पीपीआरच्या लसी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर करून घ्या. पोट फुगलं, हगवण थांबत नाही, असं दिसलं तर घरगुती उपायात दिवस घालवू नका. लगेच दवाखान्यात न्या, किंवा 1962 या क्रमांकावर फोन लावा.

शेवटी दोन गोष्टी, आपल्या बायकांच्या कामाच्या. पहिली वेळेची. पाला फुकट असतो असं आपण म्हणतो, तेव्हा तो आणायला डोक्यावर ओझं घेऊन किती चाललो, ते कोणी मोजत नाही. रोजचे दोन तास गेले तर तो पाला फुकट कसा? म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला बांधावर, परसात, सांडपाण्याच्या चरीवर शेवगा, शेवरी, हादगा लावा. एकदा धरलं की वरचेवर छाटायचं आणि पाला दारात. रोपं गटाने मिळून करा. कुटायचं, दळायचं कामही पाळीपाळीने केलं तर हलकं होतं.

दुसरी गोष्ट वजनाची. गटात एक ताणकाटा घ्या. पोत्याची झोळी करून करडू टांगा आणि दर पंधरा दिवसांनी वजन वहीत लिहा. जन्माला सव्वादोन किलोचं करडू रोज 50 ग्रॅम वाढलं तर तीन महिन्यांत पावणेसात किलोचं होतं. 70 ग्रॅम वाढलं तर साडेआठ किलोच्या वर जातं. डोळ्यांना हा फरक कळत नाही, काट्याला कळतो. वजन थांबलं की समजा, दूध कमी पडतंय, जंत झालेत किंवा खुराक दुसरंच कोणी खातंय. आठवडी बाजारात व्यापारी पाठीवर हात फिरवतो आणि अंदाजाने भाव सांगतो. तो अंदाज नेहमी त्याच्या बाजूचा असतो. विकायला घरातला गडीमाणूस जाणार असेल, तर त्याच्या हातात वजनाची चिठ्ठी द्या. आपण जाणार असू, तर आपणच वजन सांगून बोली सुरू करू.

या आठवड्यात तीन कामं करा. गोठ्यात करडांचा कप्पा बांधा. तुमच्याकडच्या करडांची आजची वजनं लिहा. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत चुनी नि पेंड एकत्र आणायचा विषय घ्या. तुरीची मळणी सुरू झाली की कुट्टार राखायला विसरू नका.

तुमच्या गावात करडांना आणखी कोणता पाला घालतात, आणि कोणता घातल्यावर त्रास झाला, ते रेडिओ केंद्रावर कळवा. एका गावातल्या बाईला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्या गावातलं करडू वाचवते.